न वाजणारा ट्वीटर

आमच्या कॅसेट डेकवर 'एक हजार वॅट' असा सोनेरी स्टिकर होता. हे हजार वॅट कुठून आले हे कंपनीलाही सांगता आलं नसतं, कारण कंपनीच नव्हती. भिवंडीतल्या एका मेकॅनिकने आपल्या दुकानात बसून तो जोडला होता आणि वर जपानी वाटेल असं एक नाव चिकटवलं होतं. पण त्याचे दिवे! हिरवे, पिवळे, लाल दिवे गाण्याबरोबर खालीवर पळायचे. इक्वलायझरच्या दहा दांड्या होत्या. त्यातल्या चार कशालाच जोडलेल्या नव्हत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. तोवर मी त्याही मन लावून वरखाली करत असे.

दोन बाजूंना माझ्या छातीएवढे उंच स्पीकरचे बॉक्स होते. कामतघरच्या आमच्या एका खोलीत ते आले आणि आईची शिलाई मशीन बाहेर गॅलरीत गेली. दिघाशीहून काका आले, त्यांनी दारातूनच विचारलं, "ह्यो काय हाय? लगीन हाय का घरात?" बाबांना ही कौतुकाची पावती वाटली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चाळीच्या तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते आणि दोन्ही शिफ्टला त्यांची खडखड चालायची. त्यात गाणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे गाणं ही बघायची गोष्ट होती. शेजारी यायचे, दिव्यांकडे बघून मान डोलवायचे आणि "काय साऊंड हाय!" म्हणून चहा पिऊन जायचे. शुक्रवारी लूम बंद असायचे. आठवड्यातून एकदा मिळणारी ती शांतता कुणी वाया घालवत नसे. सकाळी नऊला चाळीतले सगळे डेक एकदम सुरू व्हायचे.

बाबा जॉबर होते, म्हणजे लूम दुरुस्त करणारे. त्यांची ख्याती त्यांच्या कानाची होती. चोवीस लूम एकदम चालू असताना दारात उभं राहून ते सांगायचे, सातव्या लूमचा धोटा नीट बसत नाही. कामगार जाऊन बघायचे, तर खरंच तसं असायचं. शेलारपासून लोक त्यांना बोलवायला यायचे. असा माणूस डेकला परक्याचा हात कसा लावू देईल? पहिल्याच महिन्यात त्यांनी तो उघडला आणि लूमला घालतात ते तेल आत घातलं. चालणाऱ्या वस्तूला तेल घालायचंच, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. आतला रबरी पट्टा तेलाने घसरायला लागला आणि कॅसेटमधल्या सगळ्या गायिका गायक झाल्या. बाबा दोन दिवस म्हणत राहिले की कॅसेटच तशी आहे. शेवटी डेक मेकॅनिककडे गेला.

तो दुरुस्त होऊन आला, पण बाबांचं समाधान होईना. एका शुक्रवारी ते बॉक्सला कान लावून म्हणाले, "ट्वीटर वाजत न्हाय." ट्वीटर म्हणजे बॉक्समधला सगळ्यात लहान स्पीकर, बासरी आणि घुंगरांचे बारीक आवाज काढणारा. आमचा तर इतका वाजत होता की आईचं डोकं उठायचं. पण बाबांनी बॉक्स खांद्यावर घेतला आणि दुकान गाठलं. पुढे हा नेमच झाला. दर दोन-तीन महिन्यांनी ट्वीटर वाजत नसे, बॉक्स दुकानात जाई, आणि मेकॅनिक तो पुसून परत देई.

एकदा बॉक्स आणायला मी एकटीच गेले. तेव्हा मी कॉलेजला होते. मेकॅनिक वयस्कर, सज्जन माणूस होता. त्याने ट्वीटर लावून दाखवला आणि हळूच म्हणाला, "बेटी, इसमें कुछ खराबी नहीं है. अब्बा के कान दिखाओ किसी को. लूमवालों का ऐसा ही होता है, पहले बारीक आवाज जाती है."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलंही नाही. म्हणाली, "मना काय ठाव न्हाय व्हय? पर तू गप ऱ्हा. कानावर भाकरी हाय त्यांची. कारखान्याच्या शेटला समजलं का उद्याच दुसरा जॉबर आनंल."

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. बाबा समोर बघत असले की अचूक उत्तर द्यायचे, पाठ असली की नाही. कारखान्यात सगळेच ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात, त्यामुळे तिथे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. एकदा डबा द्यायला गेले तर बाबा दारात उभे नव्हते. ते एकेका लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून पुढे सरकत होते. मला पाहिल्यावर त्यांनी हात खिशात घातला.

मी पुन्हा मेकॅनिककडे गेले आणि आम्ही दोघांनी एक लबाडी केली. त्याने ट्वीटरच्या तारेला एक छोटा लाल दिवा जोडून बॉक्सच्या तोंडाशी बसवला. बारीक आवाज आला की तो लुकलुकायचा. बाबा खूश झाले. शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी तो दाखवला. "आता बग कसा वाजतोय!" ते म्हणायचे, आणि आम्ही सगळे बघायचो. आयुष्यात इतकी हुशारी मी कधी केली नव्हती, असं मला तेव्हा वाटत होतं.

ते सहा-सात महिने टिकलं. मग एका शुक्रवारी गाणं चालू असताना बाबा बॉक्ससमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

"दिवा लागतोय," ते म्हणाले. "वाजत न्हाय."

आई गॅलरीत होती. मी डेक बंद केला आणि त्यांच्या समोर जाऊन बसले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी.

"बाबा, ट्वीटर वाजतोय. पहिल्यापासून वाजतोय. तुम्हाला ऐकू येत नाही. आपण डॉक्टरकडे जाऊ."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मना ठाव हाय."

"मग इतकी वर्षं हा बॉक्स दुकानात कशाला नेत होतात?"

त्यांनी बॉक्सवरची धूळ हाताने पुसली. "दुकानात नेला म्हंजे बिघाड डेकमदी हाय, पोरी. डाक्टरकडं गेलो का मंग तो माज्यात."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी मागे वळून बॉक्सच्या तारा सोडवायला लागले. चाळीतले बाकीचे डेक जोरात चालू होते. तारा सुटल्यावर मी डोळे पुसले आणि परत त्यांच्यासमोर आले.

"दुपारची नमाज झाली की मेकॅनिकचं दुकान उघडेल," मी म्हणाले. "बॉक्सची एक बाजू मी धरते."