भिंत बोलली की बाहेर

बाहेरून तीस फूट, आतून सव्वीस. लेझरने तीनदा मोजलं. चार फूट कुठे गेले ते कळेना, आणि माझा पारा चढायला लागला.

उदगीरच्या किल्ल्याजवळच्या त्या जुन्या गल्लीवर आमच्या नगररचना कार्यालयाने हेरिटेज ओव्हरले टाकायचं ठरवलं होतं. ओव्हरले म्हणजे नेहमीच्या बांधकाम नियमांवर नियमांचा आणखी एक थर. यादीतल्या घराची वीटसुद्धा कमिटीच्या परवानगीशिवाय हलवायची नाही. मुनीरचाचांचं घर मी नुसतं कोरीव दार बघून यादीत घातलं होतं, आत पाऊल न टाकता. त्यांनी हरकत घेतली. मागची भिंत फुगली आहे, घरात सात माणसं राहतात, ती पाडू द्या.

"सगळेच भिंत फुगली म्हणतात," साहेब म्हणाले होते. "मोजून ये आणि हरकत निकाली काढ."

मी चाचांना चार फुटांचं विचारलं.

"ते बळद हाय, मॅडम. आमच्या आज्याच्या जमान्यात बंद केलं. कुणी उघडलं न्हाई."

बळद म्हणजे भिंतीतच ठेवलेली धान्याची पोकळी.

भर दुपार होती. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. सर्र. थांबला. पुन्हा सर्र, सुपातून ज्वारी ओतावी तसा. चाचांच्या सुनेने गॅस बंद केला, बाळ उचललं. चहाचे कप तसेच ठेवून सगळे अंगणात गेले, चाचा तेवढे माझ्यापाशी थांबले.

"उठा मॅडम. भिंत बोलली की भाईर निघायचं, हा आमच्या घरचा दस्तूर हाय."

"आत जुनी ज्वारी सरकत असेल, चाचा. एवढा फॉर्म भरू द्या."

"भाईर भरा," म्हणत त्यांनी माझी फाइलच उचलली आणि निघाले. मी चिडून फाइलमागे धावले. उंबरा ओलांडला आणि मागे भिंत कोसळली, माझ्या खुर्चीवर.

धूळ बसल्यावर पाहिलं तर बळद उघडं पडलं होतं. आत ज्वारीचा एक दाणा नव्हता. झाडून ठेवल्यासारखं स्वच्छ. इंजिनियर म्हणाले, माती सरकली असेल. असेलही. पंचनाम्यात आवाजाचा रकाना नसतो, म्हणून मी तो लिहिला नाही.

यादीत आता त्या घराचं फक्त दार आहे. मागे परवानगीसकट नवी भिंत उभी राहिली. तपासायला गेले तर बाहेरून तीस, आतून सव्वीस.

"चाचा, पुन्हा बळद? धान्य तर भरत नाही तुम्ही."

"मग निघायचं कधी, ते सांगणार कोण?"

तेव्हापासून मी लेझर नंतर काढते. आधी घरच्यांना विचारते, इथून कधी उठायचं असतं.