होजीचा नकार

त्याचं खरं नाव आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. इमारतीत सगळे त्याला होजी म्हणत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याच्या तोंडून "हो जी" निघून जाई आणि उरलेलं अर्धं वाक्य काय होतं, हे त्याला काम अंगावर पडल्यावर कळे.

धंदा झाडांच्या छाटणीचा. त्यात तो पक्का होता, यात वाद नाही. मामाच्या हाताखाली शिकलेला आणि मामा भलताच कडक. जड फांदी तोडायची तर आधी खालून खाच द्यायची, मग जरा पुढे सरकून वरून कापायचं, म्हणजे पडता पडता फांदी खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला तुकडा उतरवताना खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का लावायचा नाही, म्हणजे जखम झाडच भरून काढतं. हे सगळं होजीनं झोपेतही केलं असतं. मामाचं बाकीचं शिक्षण मात्र त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. मामा म्हणायचा, "छाटणीवाल्याला करवत चालवता आली पाहिजे आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणता आलं पाहिजे. त्यातलं दुसरं जास्त अवघड." त्यावरही होजी "हो जी" म्हणाला होता.

इमारतीच्या आवारात एक जुना शिरीष होता. एका अंगाला इमारत, दुसऱ्या अंगाला फाटक, आणि फाटकाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, कुंपणाच्या भिंतीला टेकून, होजीची पत्र्याची खोली. एके काळी हा शिरीष सगळीकडे सारखा पसरलेला, बघत राहावा असा होता. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ऊन हवंसं झालं. "एकच फांदी रे, जास्त नाही," काकू म्हणाल्या. हो जी. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना पक्षी पहाटे उठवायचे. पक्षी काही ऐकेनात, म्हणून प्राध्यापकांनी होजीला सांगितलं. हो जी. वरच्या मजल्यावर टीव्हीच्या छत्रीला पानं आडवी आली. तिथंही हो जी. जो तो एकच फांदी मागायचा, आणि बाकीच्यांनी या झाडाची कशी वाट लावली ते होजीला ऐकवायचा. होजी त्यालाही मान डोलवायचा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं भीड होजीची होती आणि भिकेला झाड लागलं.

इमारतीकडची बाजू अशी पार बोडकी झाली. मोठ्या फांद्या दोनच राहिल्या, एक फाटकाकडे गेलेली आणि दुसरी सरळ होजीच्या पत्र्यावर आलेली. दोघींनी एकमेकींना तोलून धरलं होतं म्हणून शिरीष अजून उभा होता.

आणि अशातच इमारतीला पर्यावरणप्रेमी संकुल म्हणून पुरस्कार मिळाला.

सेक्रेटरींनी लगेच मोठा बोर्ड करून घेतला. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक झाड काढलेलं. ते झाड सगळीकडून सारखं पसरलेलं होतं. बोर्ड फाटकाच्या खांबावर चढला आणि रस्त्यावरून पाहिलं तर दिसेना, कारण समोर शिरीषाची फांदी. रविवारी पाहुणे यायचे होते. सेक्रेटरींनी होजीला बोलावून घेतलं.

"झाडावरचं आपलं प्रेम लोकांना दिसायला नको का?" ते म्हणाले. "शनिवारी ती फांदी उतरवून टाक."

होजीला कळत होतं. ती फांदी गेली की सगळा भार एकीकडे, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्याला झाड आपल्या पत्र्यावर. पत्र्याखाली बायको दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली. दुसरीही फांदी उतरवावी तर शिरीषाचा नुसता खांब राहील, आणि तो वाळून तरी किती दिवस उभा राहणार? हे सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "हो जी," होजी म्हणाला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती परकराला नेफा घालत होती. तिनं मशीन थांबवली.

"म्हणजे झाड आपल्या डोक्यावर येणार."

"लगेच नाही गं येणार."

"मग तारीख विचारून ठेवा," ती म्हणाली. "मी मशीन बाहेर काढून ठेवीन. नवी घ्यायची ऐपत नाही आपली."

शनिवारी होजी कमरेला पट्टा बांधून, दोर अडकवून झाडावर चढला. आता होजीची एक गंमत सांगायला हवी. जमिनीवर भिजल्या मांजरासारखा वावरणारा हा माणूस झाडावर गेला की वेगळाच व्हायचा. तिथं त्याला आवाज फुटे, कधी कधी तो गाणंसुद्धा म्हणे. इतक्या वर्षांत त्याचं कारण त्याला उमगलं नव्हतं. त्या दिवशी उमगलं. तो फाटकाकडच्या फांदीवर बसला, खालून खाच द्यायला वाकला, आणि त्याला सेक्रेटरी दिसले. म्हणजे त्यांचं टक्कल दिसलं. माणसाच्या डोळ्यांची भीड पडते, भुवयांची पडते, फार तर मिशांची पडते. टकलाची भीड पडत नाही.

पलीकडे त्याला आपला पत्रा दिसला. खालून मशीनचा आवाज येत होता. तिनं ती बाहेर काढलीच नव्हती.

"नाही कापत," होजी वरून म्हणाला.

खाली कुणाला वाटलं, करवतीची धार गेली. सेक्रेटरींनी विचारलं, "काय झालं?"

"ही गेली तर झाड माझ्या घरावर पडेल. नाही कापत."

"अरे, मग बोर्डाचं काय?"

"बोर्ड सरकवा. त्याला मुळं नाहीत."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात; झाडावरून सेक्रेटरी हाकलेला कुणी पाहिला नव्हता. गॅलऱ्या भरल्या. काकूंनी वरच्या मजल्याला दोष दिला, वरच्या मजल्यानं प्राध्यापकांना, प्राध्यापकांनी पक्ष्यांना. सेक्रेटरींनी दुसरा छाटणीवाला आणण्याची धमकी देऊन पाहिली. होजी फांदीवर पाय सोडून बसून राहिला. फांदीवर माणूस बसलेला असताना फांदी कापायला कोण येणार? दुपारपर्यंत उन्हानं टक्कल तापलं आणि बोर्ड दुसऱ्या खांबावर गेला. तिथं तो जास्त चांगला दिसतो, असं सेक्रेटरी संध्याकाळी सगळ्यांना सांगत होते. कल्पना अर्थात त्यांचीच होती.

बोर्ड हलल्याबरोबर होजी खाली उतरला तो छाती काढून, ताठ होऊन. घरात शिरला, हातपायसुद्धा न धुता म्हणाला, "ऐकलंस ना? आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो."

बायको खिडकीशी सुईत दोरा ओवत होती. भर दिवसा दिवा लावलेला होता. खिडकीबाहेर शिरीषाची एक मनगटाएवढी खालची फांदी वाऱ्यानं भिंतीला घासत होती. तिची पानं अर्ध्या खिडकीवर आली होती.

"पहिल्यांदा?" ती म्हणाली.

"मग? कधी ऐकलंयस माझ्या तोंडून?"

"लग्न होऊन आले तेव्हा सांगितलं होतं मी, ही एवढी फांदी काढा, मशीनवर उजेड येत नाही. तेव्हा काय म्हणालात? पोर झाल्यावर परत सांगितलं, तेव्हा? डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा?" दोरा परत चुकला. "अहो, नाही म्हणता येत नाही असं नव्हतंच. ते सगळे नकार घरी वापरत होता."

झाडाला उगाच जखम नको, असं होजी दर वेळी म्हणाला होता. खरं तर भिंतीला घासणारी, साल सोललेली ती फांदी कुठल्याही छाटणीवाल्यानं सगळ्यात आधी काढली असती. मामानं तर त्याला त्याबद्दल चोपला असता. अख्ख्या इमारतीला एकेक फांदी वाटून झाली होती, आणि जी द्यायलाच हवी होती तिच्यासाठी त्यानं बायकोला तिष्ठत ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

तो करवत घेऊन परत बाहेर गेला. खालून खाच, वरून काप, मग फुगवट्याला धक्का न लावता उरलेला तुकडा. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

आत आला तर ऊन सरळ मशीनवर पडलं होतं. बायकोनं दिवा बंद केला, सुई उचलली आणि दोरा पहिल्या फटक्यात ओवला. मग तिनं इकडे तिकडे पाहिलं. उजेडात मशीनमागच्या कोपऱ्यातली जळमटं, चिंध्या, वर्षानुवर्षांची धूळ सगळी लख्ख दिसत होती.

"झाडू दारामागं आहे," ती म्हणाली.

होजी जमिनीवर उभा होता आणि ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"हो जी," तो म्हणाला, आणि झाडू आणायला गेला.