मेपलची खरड छाटणी

छाटलेल्या द्राक्षकाड्यांचा ओला वास आला की आजही माझे हातपाय गार पडतात. त्या वर्षी बायको बाळंतपणाला मनमाडला माहेरी गेली आणि जाताना तिनं तीन वर्षं जपलेला कुंडीतला जपानी मेपल माझ्या हवाली करून बजावलं, "एक पान जरी कमी झालं ना, तर बघ!" कंपनीतली ड्युटी सोडली तर मी अष्टौप्रहर त्याच्यावर छत्री धरून उभा असायचो. एप्रिलात एका दुपारी सातपूरच्या कंपनीतून घरी आलो, तर गावाहून आलेले वडील बाल्कनीत कात्री पुसत बसलेले आणि कुंडीत नुसते चार खुंट! "बाबा, हे काय केलंत?" "अरे, एप्रिल लागला ना! खरड छाटणी केली. लय माजलं होतं." जन्मभर द्राक्षबाग केलेला, दर एप्रिलात वेली खुंटापर्यंत छाटणारा माणूस तो! मला असा घाम फुटला, की टाकी वाहतेय म्हणून खालच्या मजल्यावाल्यांनी बेल वाजवली. संध्याकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. "आधी झाड दाखव." तेव्हापासून झाडाचं नाव निघालं की माझी रेंज जायची. रोज पहाटे उठून मी खुंट चाचपायचो. अठरा दिवस काही नाही. एकोणिसाव्या दिवशी खुंटांवरचे कोंबांचे डोळे फुगले आणि मग लालबुंद पालवी फुटतच गेली. बायको बाळाला घेऊन आली ती थेट कुंडीपुढे थांबली. "अगंबाई, केवढं दाट केलंस रे!" वडील तोंड उघडणार, तेवढ्यात मी नातू त्यांच्या मांडीवर ठेवला. आता सोसायटीतली माणसं मला मेपलचं विचारायला येतात. "जीव लावावा लागतो," असं मी सांगतो. फक्त वडील घरी असले, तर दारच उघडत नाही.