मंजुरीचा फोन

महाडच्या बाजारपेठेत क्रेडिट कार्ड घेणारा तेव्हा तो एकच कापडवाला होता. मोठं बिल झालं की मुंबईला बँकेत फोन करून मंजुरी घ्यावी लागे. फोन लावण्याआधी तो शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि कार्डावरचे आकडे पाढ्यांसारखे म्हणायचा. आता यंत्र चारचौघांत नकार देतं. तेव्हा नकार आधी एकट्या दुकानदाराच्या कानात यायचा.

एकदा कुवेतहून आलेले एक चाचा मुलीच्या लग्नाचं कापड घेत होते. मुलीचे होणारे सासरे शेजारीच बसले होते. चळवळीची पत्रकं द्यायला आलेला मी फोनजवळ होतो. पलीकडून बँकेचा हुकूम मला स्पष्ट ऐकू आला: कार्ड परत देऊ नका, कापून टाका.

हातातली कात्री गादीखाली सरकवत कापडवाला फोनमध्ये पुटपुटला, "कात्री नाय हो दुकानात." फोन ठेवून मोठ्यानं म्हणाला, "लाईनच तुटली, चाचा! कार्ड ठेवा खिशात, कापड घेऊन जा. पैशाचं मागनं बघू."

सासऱ्यांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं. "खरंच तुटली काय रे?"

खोटं बोलणाऱ्याला चव्हाट्यावर आणा, असं प्रत्येक पत्रकात लिहिणारा मी म्हणालो, "सकाळपासून हेच चाललंय."