जूनमधल्या गमती

झेरॉक्सच्या दुकानातून समोरचा कॉलेजचा कट्टा दिसतो. तिथे माझी लेक मुक्ता चार मुलींबरोबर उभी होती. यांची बदली झाल्यामुळे तिला दिवाळीनंतर, अर्धं वर्ष सरल्यावर, इथे प्रवेश घ्यावा लागला. कुणीतरी काही बोललं, सगळ्या हसल्या. मुक्ताही हसली, पण जरा उशिरा, बाकीच्यांचे चेहरे पाहून.

तेव्हापासून मला चैन नाही. दाखला, बसचा पास, राहिलेल्या धड्यांच्या नोट्स, सगळं मी आठवडाभरात मार्गी लावलं होतं. माझ्या लेखी काम संपलं होतं. पण जूनमध्ये कुणाला काय टोपणनाव पडलं, कुठल्या तासाला काय फजिती झाली, हे कुठून आणायचं? वर्ग जमतो तो बहुधा त्यावरच.

संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "आई, मी मावशीकडे राहून जुन्याच कॉलेजात जाऊ?"

"त्या कशाला हसतात ते विचारत जा ना."

"विचारलं की गंमतच जाते गं. मग सगळ्या मला समजावत बसतात."

मी मेथीच्या काड्या उगाच पुन्हा निवडू लागले. शेवटी उठून फोन हातात घेतला.

"थांब," ती म्हणाली. "आज प्रॅक्टिकलला सरांनी स्वतःच बीकर फोडला. तेव्हा मी होते तिथे. मावशीला इतक्यात काही सांगू नकोस."