कुसुमताईंची चाल

माझी नणंद आज सकाळी वारली.

नणंद-भावजय म्हटलं की लोक हसतात. आमचंही काही फार गोड नव्हतं. एका छताखाली आम्ही आठवडाभरसुद्धा नीट काढला नसेल.

पण रस्त्यावर आमचं जमायचं.

दर माघात लोणारहून शेगावला पायी दिंडी निघते. मेहकर, जानेफळ, खामगाव, शेगाव. कुसुमताई लोणारच्या, त्या कित्येक वर्षं जायच्या. मी बुलडाण्यात पेपरच्या डेस्कवर. एका वर्षी त्याच म्हणाल्या, “चाल सुनंदे. बसून बसून तुहं पार पोतं झालं.”

पहिल्या वर्षी आम्ही हट्टानं जोडीनं चाललो. त्या उंच, ढांगा टाकणाऱ्या. मी बुटकी. त्यांना गाठायला मी पळायची, माझ्यासाठी त्या पाऊल आखडायच्या.

जानेफळच्या मुक्कामी माझ्या तळव्यांना फोड आणि त्यांच्या नडग्या ठणकत होत्या. एकाच घमेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन आम्ही दोघी पाय सोडून बसलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, “उद्यापासून तू तुह्या चालीनं, मी माह्या चालीनं. मुक्कामावर भेटू.”

त्यानंतर आमचं कधी बिनसलं नाही.

आमच्या दिंडीची एक जुनी रीत. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय पंगत बसत नाही.

शेवटचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. भुकेनं कावलेल्या बाया लांबूनच ओरडायच्या, “आली बाई पेपरवाली! वाढा आता!”

कुसुमताई माझी बाजू घ्यायच्या. “रस्त्यावरच्या साऱ्या पाट्या वाचत येते ते. प्रूफ तपासून राह्यली असंन.”

गेल्या वर्षी त्यांचं हार्टचं दुखणं निघालं. डॉक्टर नको म्हणाले. मुलगी रडली. मग सामानाच्या टेम्पोत बसून जा, असा तोडगा निघाला.

“टेम्पोत बोचके जातात,” त्या म्हणाल्या. “मी बोचकं हाय का बे?”

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते वैतागून म्हणाले, “जायचंच असेल तर सावकाश जा. धाप लागली की बसा.”

आणि पहिल्याच दुपारी त्या जेवणाच्या थांब्यावर धावत आल्या. माणसं पंगतीसाठी खोळंबलीत या धास्तीनं. ओठ काळे पडलेले. पंगतीत बसल्या, पण घास गिळेना.

दिंडीचे म्होरके बुवा विचारायला आले, तशा त्या कडाडल्या.

“बुवा, उद्यापासून पंगत बसवून टाका. माह्यासाठी थांबू नका.”

“असं कसं ताई? रीत हाय आपली.”

“तुमच्या रीतीपायी मी धावून राह्यली. जीव जाईन माहा, मंग बससान पंगतीले?”

बुवा “बरं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंगत वेळेवर बसली आणि उठलीसुद्धा. उष्ट्या पत्रावळी गोळा झाल्या, काही जण निंबाखाली आडवे झाले.

मग कुसुमताई आल्या. हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशा.

पंगतीची झाडून काढलेली जागा त्यांनी पाहिली. चेहरा उतरला.

मी बसूनच होते.

“तू काऊन नाही जेवली?”

“ॲसिडिटी झाली ताई.”

“पेपरातही असंच छापता का?”

मी दोन पत्रावळी आणल्या. भाकरी गार झाली होती, वरणावर साय धरली होती. जेवताना त्या म्हणाल्या, “बरं झालं, जेवले सारे.”

दोन घास गेले.

“मीच सांगतलं होतं. पण बरं नाही वाटलं, सुनंदे.”

तेवढंच. हात धुतले, घटकाभर पडल्या आणि उठून चालायला लागल्या. त्यानंतर मात्र त्या एकदाही धावल्या नाहीत.

खामगाव सोडल्यावर मी त्यांच्या सोबतीनं चालायला गेले, तर हाकललं मला. “तुहे पाय अडखळून राह्यले. मले दिसते ना. जाय समोर.”

गेले.

शेगावला आम्ही बाकीचे पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. धर्मशाळेच्या फाटकाशी सतरंजी टाकून मी बसले. दिंड्यांवर दिंड्या येत होत्या. आमचं माणूस दिसेना. फोन लागेना.

टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. “जाऊ का वैनी? घेऊन येतो ताईले. कोणाले काय समजते?”

बुवा माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. काही झालं असतं तर सगळ्यांनी मलाच विचारलं असतं, त्यांच्या मुलीनं सगळ्यात आधी.

“नको,” मी म्हटलं. “येतील त्या.”

इतका लांबलेला वेळ मी आयुष्यात दुसरा काढला नाही.

दिवे लागल्यावर त्या दिसल्या. पदर कमरेला खोचलेला, बूट धुळीनं माखलेले. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा चार पावलं. कोणी हात धरायला गेलं की मान हलवायच्या.

पायीच आल्या. शेवटपर्यंत.

सतरंजीवर बसल्या. मी बूट काढले, मोजे निघता निघेनात. पाय इतके सुजले होते.

“ताई, दर्शनाची रांग आता कमी आहे म्हणतात. जायचं?”

“झोपू दे थोडं,” त्या म्हणाल्या. “महाराज काई पळून नाही जाऊन राह्यले.”

आणि माझ्या पिशवीवर डोकं ठेवून तिथंच, त्या गर्दीत, गाढ झोपल्या.

आज लोणारला सगळं आटोपून संध्याकाळच्या एसटीनं परत आले. दिंडीतली बरीच माणसं आली होती.

मीही दमलेय. जास्त लिहवत नाही.

कुसुमताई, नमस्कार करते. स्वस्थ पडा आता.