बंद घराचा रोजचा कचरा

मंडळी, आज सकाळी शेजारच्या लताकाकूंचा नागपूरहून फोन आला. दिवाळीपासून त्या मुलाकडे राहून राहिल्या, इथलं विजय नगरचं घर बंदच आहे. "मला रोज मेसेज येते, तुमच्या घरचा कचरा उचलला म्हणून. काहून गं?"

नगर निगमनं कचऱ्याचं काम कंपनीला दिलंय. गेटवरचा कोड स्कॅन केला की घरमालकाला मेसेज जातो. म्हटलं, खोटं काम दाखवून राहिले! फोटो काढायला मी मोबाईल घेऊन बाहेर आले.

कचरागाडीवरच्या दीदीनं काकूंचं गेट स्कॅन केलं आणि कोपऱ्यावरच्या चहाटपरीची बादली गाडीत ओतली.

"टपरी का कोड नहीं है ना," ती शांतपणे म्हणाली. "बिना स्कैन लूँ तो कंपनी पूछती है. न लूँ तो सब नाली में जाता है."

टपरीवाली कोडासाठी निगममध्ये गेली, तर म्हणे कंपनीला विचारा. कंपनी म्हणते निगमला विचारा. मग तक्रार करायची कोणाची, तुम्हीच सांगा.

काकूंना फोन करून सगळं सांगितलं. "तुमच्या घराचं स्कॅन बंद करायला सांगू का?"

काकू म्हणाल्या, "राहू दे. मेसेज आला की वाटते, घरात कोणी आहे."